प्रायमरवरची रेघ

भिंती खरवडून मगच रंग लावायचा, हा हट्ट माझा होता. आमच्या भोपाळच्या टाउनशिपमध्ये असं कुणी करत नसे. ठरावीक वर्षांनी कारखान्याच्या सिव्हिल खात्याची माणसं यायची, बादलीत फिकट पिवळा डिस्टेंपर कालवायची आणि समोर जे असेल त्यावरून कुंचा फिरवून निघून जायची. खिळ्यांवरून, जळमटांवरून, विजेच्या बटणांच्या कडांवरून. खालचा थर सुटलेला असला तरी वर नवा चढायचा. क्वार्टर आपलं थोडंच आहे, असं प्रत्येक जण म्हणायचा आणि उमेदीची सगळी वर्षं त्यातच काढायचा.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर बाबांच्या हॉलमधल्या खाटेशेजारच्या भिंतीचे पोपडे त्यांच्या उशीवर पडू लागले. सकाळी त्यांच्या केसांत पांढरे कण दिसायचे. बाबा याच कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि आई गेल्यापासून आमच्याकडे राहत होते. मुलं शिकायला बाहेर, त्यामुळे घरात मी, माझी बायको आणि बाबा; आम्ही दोघं नोकरीवर गेलो की बाबा एकटेच. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर भिंत गळतेय आणि मुलगा डबा घेऊन ऑफिसला निघालाय, हे चित्र मला छळायचं. मला असली चित्रं लवकर छळतात. बायको म्हणते, "तुम्हाला अपराधी वाटायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते."

तर बाबांना नीट भिंत मिळावी म्हणून मी काम काढलं, आणि ते काम संपायच्या आत बाबांनाच त्या घरातून हलवायची वेळ येऊन ठेपली. असं कसं झालं याचा मला तेव्हा उलगडा होत नव्हता. आता बराचसा झालाय. सगळा नाही.

पेंटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, कोटरा सुल्तानाबादहून, मोपेडवर यायचा आणि उशीर झाला की लांबच्या रस्त्याचं कारण सांगायचा. माणूस गप्पिष्ट, हात चांगला, पण खरवडायचा त्याला मनस्वी कंटाळा.

"भाईसाब, इत्ता खुरच के क्या करोगे? पुट्टी मार देते हैं. पुट्टी सब ढांक लेती है."

"ढांकना नहीं है," मी म्हणालो. "नीचेवाला ही छूट रहा है तो ऊपरवाला टिकेगा कैसे?"

"आप तो मकान खरीद लिए हो जैसे बात कर रहे हो, खां," तो भोपाळी ठसक्यात म्हणाला आणि खरवडायची पत्री उचलली.

भिंतीवर पाणी मारायचं, जुना डिस्टेंपर फुगेपर्यंत थांबायचं आणि पत्रीनं ओढायचा. तो ओल्या सायीसारखा गोळा होऊन खाली पडायचा. मी रजा टाकली होती, त्याच्या बरोबरीनं मीही ओढत होतो. खिळे उपटले, आमच्या आधी राहून गेलेल्यांचे, आमचे, कॅलेंडरांचे, मच्छरदाणीचे. हॉलच्या खिडकीपासून मधल्या बोळाच्या दारापर्यंत एक तडा गेला होता. भोपाळची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि तिच्यावर बसलेली घरं तिच्याबरोबर हलतात, त्यामुळे असा एखादा तडा प्रत्येक क्वार्टरमध्ये असतोच. मी तो कोरून रुंद केला, झाडला, भिजवला, भरला. त्याच भिंतीवर कमरेच्या जरा वर एक मळकट, तेलकट पट्टा होता. तेलकट जागेवर प्रायमर धरत नाही म्हणून तो धुण्याच्या सोड्यानं घासून काढला. हा कशाचा असेल, असं मी पेंटरला विचारलं. "बच्चों के हाथ," तो म्हणाला. आमची मुलं हॉस्टेलला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण मी पुढं विचार केला नाही.

बाबा हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले असायचे. पत्रीचा आवाज ऐकत. ते एकदाच मधे बोलले.

"बोळाच्या दाराजवळचा खिळा राहू दे."

"कशाला बाबा? त्याला काही टांगलेलं नाही."

"राहू दे म्हटलं की राहू दे."

संध्याकाळी त्यांचे एक जुने सहकारी दारात येऊन हाक मारायचे आणि दोघं पुलियावर जाऊन बसायचे. टाउनशिपमधले सगळे निवृत्त लोक त्या नाल्यावरच्या कठड्यावर जमतात. बाबा पुलियावर गेल्यावर मी तो खिळाही उपटला. एवढी सपाट केलेली भिंत आणि मधेच एक गंजका खिळा, मला ते पटेना. त्यांना कळणारसुद्धा नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

पुट्टीचे हात झाले आणि घासायची वेळ आली. घासायच्या कागदाला इथं रेगमाल म्हणतात. त्यानं पुट्टी घासली की पिठासारखी धूळ उडते आणि दार लावलं तरी घरभर पसरते. बाबांना खोकला लागला. मी दोनदा त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "खोकला मला आलाय. तू का घसा खाकरतोस?"

आमच्या जिन्यावर समोरासमोर दोन दारं होती. समोरचं बंगाली कुटुंब महिनाभरासाठी गावी गेलेलं. टाउनशिपमधल्या रीतीप्रमाणे त्यांची चावी आमच्याकडे होती, कुंड्यांना पाणी घालायला. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, विचारता काय, घर आपलंच आहे, राहा. आम्ही गाद्या, स्टोव्ह आणि चार भांडी घेऊन समोर गेलो. बाबांचा हात धरून मी त्यांना जिन्याचा मधला मोकळा भाग ओलांडून नेलं. उंबऱ्यात ते थांबले.

"आपल्यासारखंच आहे ना रे हे?"

"अगदी आपल्यासारखंच, बाबा. त्याच टाइपचं क्वार्टर आहे."

हे मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. खोल्या तेवढ्याच, मापं तीच, खिडक्या त्याच. फक्त ते घर आमच्या घराचं उलटं होतं, आरशात दिसावं तसं. आमच्याकडे बोळात शिरलं की डावीकडे न्हाणीघर आणि उजवीकडे स्वयंपाकघर. तिथं उजवीकडे न्हाणीघर आणि डावीकडे स्वयंपाकघर. बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो बघतो आणि वळतो. मीही बघितलं आणि वळलो, माझ्या बायकोनंही. बाबांना हे सांगायला हवं, असं माझ्या मनाला शिवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मला खुणेनं बोलावलं. बाबा परक्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभे होते. खांद्यावर पंचा, हातात दातांचा ब्रश, आणि दुसऱ्या हातानं ओट्यावर नळ चाचपत होते.

"बाबा, हे स्वयंपाकघर आहे," ती म्हणाली.

"हो, माहीत आहे," ते म्हणाले आणि वळून निघाले. जाताना त्यांचा चेहरा मी पाहिला. इतका गोंधळलेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. कारखान्यात मशीन बंद पडलं तरी न बावरणारा हा माणूस.

दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. मग ते बोळात थांबून राहायला लागले, कुठं वळावं याचा विचार करत असल्यासारखे, आणि विचार करून पुन्हा डावीकडेच वळायचे. बायको समजावून सांगायची, "बाबा, उजवीकडे." ते मान हलवायचे. पुढच्या वेळी डावीकडे. एकदा तर न्हाणीघरातून परत येऊन ते खाटेवर बसायला गेले आणि खाट तिथं नव्हतीच. ती समोरच्या भिंतीला होती. ते खाली पडले, कोपर सुजलं. मी बर्फ लावत होतो आणि ते छताकडे बघत होते. नेहमी चिडतात तसं चिडलेही नाहीत, आणि याचीच मला जास्त भीती वाटली.

मी नागपूरला ताईला फोन केला. ती माझ्याहून मोठी.

"घर बदललं की असं होतं," मी म्हणालो, "पण इतकं? तीच चूक पुन्हा पुन्हा?"

"अरे, हे विसरण्याचंच लक्षण आहे," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी न्हाणीघर सापडेना, मग माणसं ओळखेनात. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. एकटा माणूस घरात, गॅस आहे, जिना आहे. मी घेऊन जाते त्यांना. इथं चोवीस तास कुणीतरी असतं."

"त्यांना तिकडे करमेल का? इथं पुलिया आहे, माणसं आहेत."

"विसरायला लागल्यावर पुलिया काय आणि काय. तू हळवा होऊ नकोस."

तिचं बरोबर वाटत होतं. पण बाबांना नागपूरला पाठवणं म्हणजे त्यांना जुन्या सामानासारखं उचलून ठेवणं होतं. या टाउनशिपमध्ये त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. दुसरीकडे त्यांना घरात ठेवून त्यांचं काही बरंवाईट झालं तर? मी ज्या बाजूनं विचार करायचो त्या बाजूनं मीच दोषी ठरायचो.

त्यांचं डोकं तपासून बघावं म्हणून मी त्यांच्याजवळ बसलो. कुठंतरी वाचलं होतं की असे प्रश्न विचारतात.

"बाबा, आज वार कोणता?"

"का? रजा वाढवायची आहे?"

"नाही, सहज. महिना कुठला चालू आहे?"

"तुझा पेंटर येऊन काम करत नाही तो महिना." मग म्हणाले, "हे बघ, पंतप्रधान कोण तेही विचार. आणि तुझ्या लग्नात जेवणाला मठ्ठा आंबट झाला होता, तेही सांगतो. आणखी?"

मी उठलो. काही म्हणजे काही जुळत नव्हतं. माझ्या लग्नातला मठ्ठा आठवतो आणि बोळातलं वळण आठवत नाही, हे कसलं विसरणं?

तिकडे आमच्या घरात पेंटरनं प्रायमर मारून घेतला होता. भिंतींना पांढरा, आणि दारांच्या चौकटींनाही लाकडाचा पांढराच. मग त्याला मंडीदीपला एका कारखान्याच्या ऑफिसचं मोठं काम मिळालं आणि तो दिसेनासा झाला. "प्रायमर को सूखने दो, भाईसाब, जित्ता सूखे उत्ता अच्छा," एवढं फोनवर सांगून त्यानं फोन उचलणं सोडलं. मधेच बंगाली शेजाऱ्यांचा निरोप आला की ते लवकर परत येताहेत. आम्ही त्यांचं घर पुसून, कुंड्यांना पाणी घालून, सामान उचलून आमच्या रंग न दिलेल्या घरात परत आलो.

पांढऱ्या घरात शिरल्यावर मलाही काही क्षण समजेना कुठून काय सुरू होतं. भिंत पांढरी, चौकट पांढरी, कोपरे दिसत नव्हते. पण बाबा खाटेवरून उठले, बोळात गेले आणि डावीकडे वळले. बरोबर वळले. माझ्या जिवात जीव आला. ताईला फोन करून सांगावं असं वाटलं. तेवढ्यात दिसलं, बाबा न्हाणीघराच्या दाराच्या पुढं निघून गेले होते. कोपऱ्यात भिंतीला लागून उभे. मग मागं फिरले, पुन्हा दार चुकलं.

म्हणजे तिकडे वळण चुकत होतं आणि इकडे दार. मला काही सुधरेना. बायको म्हणाली, "सरळ त्यांनाच विचारा ना."

"काय विचारू?"

"तुम्हाला काय होतंय, एवढंच."

मी विचारलं नाही. मला वाटलं, मी विचारलं आणि त्यांना उत्तर देता आलं नाही तर त्यांच्यावर काय बेतेल.

ताईनं दिवाळीच्या आधी यायचं ठरवलं. तिच्या बोलण्यात आता 'न्यायला येते' असं यायला लागलं होतं. माझ्याकडून तिला हो मिळालेलं नव्हतं, आणि नाहीसुद्धा मिळालेलं नव्हतं.

आणि मग पेंटर उगवला. आल्या आल्या कमरेवर हात ठेवून हॉलच्या भिंतीसमोर उभा राहिला.

"ये किसने हाथ मारे हैं?"

"किसी ने नहीं," बायको म्हणाली. "तुमचीच माणसं आली असतील." घाईत तिच्या तोंडून मराठीच आलं.

"भाभीजी, हमारे आदमी मंडीदीप में हैं. कच्चा प्रायमर हाथ पकड़ता है. अब सब फिर से घिसना पड़ेगा."

मी जवळ जाऊन बघितलं. पांढऱ्या, कोरड्या, खडूसारख्या पृष्ठभागावर कमरेच्या जरा वर एक करडी रेघ गेली होती. बोटांची रेघ. बाबांच्या खाटेच्या उशापासून निघून भिंतीभिंतीनं बोळाकडे. मी तिच्याबरोबर चालत गेलो. जिथं पूर्वी तडा होता आणि मी तो भरून, घासून, दिसेनासा केला होता, तिथं ती एक रेघ उरली नव्हती. बोटं वर गेली होती, खाली गेली होती, काहीतरी शोधत. पुढं पुन्हा सरळ. बोळाच्या दाराजवळ, जिथं खिळा होता, तिथं भिंत हातभर काळवंडली होती. तिथं बोटं कितीतरी वेळ फिरली असणार. आणि मग रेघ दाराच्या पलीकडे निघून गेली होती आणि परत आली होती.

मी माझी बोटं त्या रेघेवर ठेवली आणि डोळे मिटून खाटेपासून चालून बघितलं. बोटांखाली काहीच लागत नव्हतं. भिंत फार छान झाली होती.

पेंटरला मी चहा प्यायला बाहेर पाठवलं. बाबा त्यांच्या खुर्चीत होते. मी समोर जमिनीवर बसलो.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही का?"

ते म्हणाले, "दिसतं. नळीतून बघितल्यासारखं. समोर जेवढं असतं तेवढं. तेही उजेड असला तर."

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून कमी कमीच होत आलंय."

"आईला माहीत होतं?"

"तिला सांगावं लागायचं नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तू माफी मागितली असतीस. मग ताईला फोन केला असतास."

तसंच केलं असतं मी. पुलियावरचे ते सहकारी रोज दारात येऊन हाक का मारायचे, बाबा जिन्यात नेहमी त्यांच्या मागून का उतरायचे, हे सगळं एकेक करून माझ्यासमोर येत होतं, आणि त्या सहकाऱ्यांना जे माहीत होतं ते एका छताखाली राहून मला माहीत नव्हतं.

बाबा खुर्चीत पुढं सरकले. आवाज खाली आणला. स्वयंपाकघरात बायको होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला एक सांग. डोळ्यांचं मला माहीत होतं. पण समोरच्या घरात मला काय झालं होतं? मी मोजून चालत होतो, हात लावून चालत होतो, सगळं बरोबर करत होतो, आणि समोर ओटा. रोज ओटा. मला वाटलं, आता डोकंही गेलं."

ही इतक्या दिवसांची भीती होती, आणि ती एकट्यानं बाळगलेली होती.

"बाबा, ते घर उलटं आहे."

"उलटं म्हणजे?"

"जिन्याच्या पलीकडचं. आपलं डावं ते त्यांचं उजवं."

त्यांचे ओठ हलत होते. खोल्या मांडून बघत असावेत.

"तू मला उंबऱ्यात सांगितलंस, अगदी आपल्यासारखंच."

"हो."

मी ड्रॉइंग ऑफिसात आहे. एका भागाचं चित्र काढायचं आणि खाली लिहायचं की जोडीचा भाग याचाच उलटा, हे माझं रोजचं काम. ते लिहायचं राहिलं तर कारखान्यात दोन्ही भाग एकाच हाताचे, म्हणजे दोन्ही डावे किंवा दोन्ही उजवे, तयार होतात आणि जुळणीच्या वेळी बसत नाहीत. कागदावर मी ते कधी विसरलो नाही. मी तोंड उघडलं.

"माफी मागू नकोस," बाबा म्हणाले. "थांब जरा. म्हणजे मी वळत होतो ते बरोबर वळत होतो?"

"बरोबर वळत होता."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

ते खुर्चीत मागं टेकले. "मग ठीक आहे," ते म्हणाले. इतकं हलकं होऊन बोलले की जणू डोळे गेल्याचं आम्ही कुणा दुसऱ्याविषयी बोलत होतो. मला मात्र ठीक वाटेना. डोकं शाबूत आहे म्हणून आनंद मानायचा की डोळे नाहीत म्हणून वाईट, आणि या दोन्हींत माझी बेपर्वाई किती आणि नुसतं अज्ञान किती, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

साकेत नगरकडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येते. ताईला मी सगळं सांगितलं. ती आधी रडली आणि मग म्हणाली, "मग तर इकडेच आण. दिसत नाही त्या माणसाला तुम्ही दिवसभर एकटं ठेवणार?"

बाबांनी हात पुढं केला. मी फोन दिला.

"हे बघ बेटा," ते म्हणाले, "तुझा नवा फ्लॅट मी कधी पाहिलेला नाही. आता दिसणारही नाही. हे घर मला पाठ आहे." तिकडून ती काहीतरी बराच वेळ बोलत होती. "हो, ये. येऊन बघ. चालता आलं नाही तर ने."

पाठ होतं, असं माझ्या मनात आलं. ते मी पुसून काढलं होतं. मी त्यांना म्हणालो की रंग राहू दे, खिळा पुन्हा ठोकतो, तडा उकरतो. ते वैतागले.

"तडा उकरतोस? डोकं तुझं तपासायला पाहिजे. भिंत चांगली झालीय. मला फक्त दार कुठं आहे ते कळू दे. चौकटी गडद कर. पांढऱ्यात पांढरं, मला काय, कुणालाच दिसणार नाही."

बायकोला गडद चौकटी पटेनात. "दुकानासारखं दिसेल," ती म्हणाली. मग तिनंच पेंटरच्या रंगाच्या पट्ट्या बाबांच्या डोळ्यांसमोर एकेक करून धरल्या, खिडकीत, उजेडात, भिंतीला लावून. तपकिरी त्यांना उठून दिसला नाही. हिरवाही नाही. गर्द निळ्यावर ते म्हणाले, "हा. हा आहे." पेंटर म्हणाला, "भाभीजी, लोग पूछेंगे ये किसकी पसंद है." ती म्हणाली, "कहना, ससुरजी की."

त्यानं पुन्हा उशीर केला, अर्थातच. भिंती झाल्या आणि चौकटींचा दुसरा हात नेमका ताई यायच्या सकाळी लागला. ती आली तेव्हा घरात रंगाचा वास भरलेला होता. तिनं बॅग ठेवली, बाबांना नमस्कार केला आणि त्यांच्या खाटेशेजारी बसली. कुणी काही ठरवून बोलत नव्हतं. चहा झाला. थोड्या वेळानं बाबा उठले.

"कुठं जाताय?" ताईनं विचारलं.

"न्हाणीघरात. विचारून जायचं असतं का?"

"बाबा, रंग ओला आहे," बायको आतून म्हणाली. "कशालाही हात लावू नका हं."

हे तिच्या तोंडून सवयीनं गेलं. बोलल्यावर ती दारात येऊन थिजली. मी उठायला लागलो, ताईनं माझा दंड धरला.

बाबांनी हात पाठीमागं बांधले. कारखान्यात फेरी मारताना बांधायचे तसे. आणि निघाले. हॉलच्या मधून, भिंतीपासून लांब, पाय किंचित घासत. खिडकीतून ऊन येत होतं. बोळाच्या दाराशी पोचल्यावर थांबले, मान डावीउजवीकडे थोडी हलवली, नळीतून बघतात तशी, आणि आत गेले. जाताना उजवा खांदा चौकटीला लागला. आतून न्हाणीघराच्या दाराची कडी वाजली.

आम्ही तिघं बसून होतो. ताई रडत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर निळा पट्टा होता.

"शर्ट काढा," ताई म्हणाली, "रॉकेल लावून देते, वाळला की निघणार नाही." मग तिनं विचारलं, "चौकट दिसली नाही ना तुम्हाला?"

"दिसली होती," बाबा बटणं काढत म्हणाले. "अंदाज चुकला."

ताई चार दिवस राहिली आणि एकटीच परत गेली. स्टेशनवर गाडी लागायच्या आधी मी तिला विचारलं की तू कसं ठरवलंस. ती म्हणाली, "मी कुठं काय ठरवलं? ते चालत गेले."

त्यांना चौकट खरंच दिसली होती, की ताईसमोर तसं म्हणाले, की खाटेपासून दारापर्यंतचं अंतर अजून त्यांच्या पायांत होतं, हे मी पुढं कितीदा तरी विचारायचं ठरवलं. विचारलं नाही.